न संपणारा घाट : मोटारीचं इंजिन पाण्यावर नेताना

१५ ऑक्टोबर १९५३. उत्तर इटलीतल्या इझेओ सरोवरावर आकिले कास्तोल्दी यांनी ‘आर्नो-११’ ही आपली बोट ताशी २४१.७०८ किलोमीटर वेगानं पळवली आणि ८०० किलो वजनगटातला जागतिक विक्रम केला. बोटीत इंजिन होतं फेरारीचं. औरेलिओ लाम्प्रेदी यांनी ग्रां प्री शर्यतींच्या मोटारींसाठी रचलेलं, साडेचार लिटरचं, बारा सिलिंडरांचं. याच जातीच्या इंजिनानं १९५१ साली सिल्व्हरस्टोनला फेरारीला फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेतला पहिला विजय मिळवून दिला होता. बोटीसाठी त्याला दोन सुपरचार्जर जोडले, पेट्रोलऐवजी मिथेनॉल पाजलं आणि ताकद साडेपाचशे-सहाशे अश्वशक्तीच्या घरात नेली.

याच सरोवराच्या काठी सार्निको गावात रिव्हा यांचा लाकडी बोटींचा प्रसिद्ध कारखाना आहे. १९६८ मध्ये फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांनी तिथून ‘अक्वारामा’ बोट घेतली. एरवी या बोटीत अमेरिकी व्ही-८ इंजिनं असत. लाम्बोर्गिनींनी आपल्याच मोटारीची चार लिटरची, प्रत्येकी साडेतीनशे अश्वशक्तीची दोन व्ही-१२ इंजिनं तिच्यात बसवली.

असं काही वाचलं की वेगवान बोटीचं स्वप्न पाहणाऱ्याला वाटतं, सर्वांत ताकदवान मोटार शोधावी, तिचं इंजिन काढावं आणि बोटीत बसवावं. पण या कामात ‘ताकद किती?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘ती ताकद किती वेळ टिकते?’ हा पहिला प्रश्न. रस्ता इंजिनाला विसावा देतो. पाणी देत नाही.

पाण्यावर उतार नसतो

सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरनं जाणाऱ्या साध्या मोटारीला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. चारशे अश्वशक्तीची स्पोर्ट्स कारही रस्त्यावर बहुतेक वेळ आपल्या ताकदीचा लहानसा भागच वापरते. पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेक करताना, काही सेकंद. मग पाय उचलला की मोटार स्वतःच्या गतीनं पुढे जात राहते.

बोटीत थ्रॉटल मागे घेतला की ती लगेच पाण्यात बसते. हवेच्या आठशेपट घन असलेल्या पाण्याला ती सतत बाजूला सारत असते. म्हणून भरलेली गाडी घेऊन कसारा घाट चढण्याची कल्पना करावी. फरक एवढाच की हा घाट माथ्यावर पोचत नाही, आणि चढताना गिअर बदलता येत नाही. बहुतेक बोटींच्या गिअरबॉक्समध्ये पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढंच असतं. पुढे जायला एकच गिअर.

बोटीला ढकलणाऱ्या पंख्याचा नियमही कठोर आहे. पाण्यात पंखा फिरवायला लागणारी ताकद साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, ४०० अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देतं आणि पंखा नेमका त्याला जुळवलेला आहे. फेऱ्या निम्म्या, म्हणजे २,५०० केल्या, तर पंखा फक्त ५० अश्वशक्ती मागतो. ४,००० फेऱ्यांवर तो २०५ मागतो. म्हणजे बोट ‘आरामात’ चालवतानाही इंजिन आपल्या ताकदीचा निम्मा भाग अखंड, तासन्‌तास देत असतं. मोटारीच्या इंजिनाच्या आयुष्यात असे तास फार थोडे येतात.

म्हणूनच मरीन इंजिनांच्या माहितीपत्रकात एकाच इंजिनापुढे अश्वशक्तीचे वेगवेगळे आकडे दिसतात. हौशी बोटीसाठी मोठा, दिवसभर राबणाऱ्या कामाच्या बोटीसाठी लहान. धातू तोच असतो, फक्त त्याच्याकडून किती वेळ काम घ्यायचं हे बदलतं.

आकडा सारखा, स्वभाव वेगळा

आता निवडीकडे येऊ. दोन इंजिनं समोर आहेत, दोन्ही ४०० अश्वशक्तीची. एक तीन लिटरचं, ७,५०० फेऱ्यांवर ही ताकद देणारं. दुसरं सहा लिटरचं, ५,००० फेऱ्यांवर देणारं. रस्त्यावर पहिलं अधिक रंगतदार वाटेल. बोटीसाठी जाणकार बहुधा दुसरंच निवडेल.

पहिलं कारण टिकाऊपणाचं. पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. दर वेळी त्याला थांबवण्याचा आणि पुन्हा हलवण्याचा भार कनेक्टिंग रॉडवर पडतो. हा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाकी सगळं सारखं धरलं, तर ५,००० वरून ७,५०० वर जाताना तो सव्वादोनपट होतो. काही सेकंदांसाठी हे चालतं, दोन तासांसाठी त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरं कारण टॉर्कचं. वेगवान बोट आधी नाक वर करून पाणी ढकलते. मग पुरेसा वेग आला की पाण्यातून वर येऊन त्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते. या दोहोंमध्ये एक उंबरठा असतो आणि तिथे पाण्याचा विरोध एकदम वाढतो. इंजिन त्या वेळी मधल्याच फेऱ्यांवर असतं. तिथे ज्याच्यात दम नाही, ते उंबरठ्यावरच अडकतं. शिखरावरची चारशे अश्वशक्ती मग कागदावरच राहते.

तिसरं कारण खुद्द पंखा. तो फार वेगानं फिरला तर पात्यांच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाण्याची तिथेच वाफ होते. ते बुडबुडे पुढे फुटताना धातूला बारीक खड्डे पाडतात आणि ढकलण्याचं बळ कमी करतात. गिअरनं फेऱ्या कमी करता येतात, पण जे इंजिन मुळातच सावकाश फिरून ताकद देतं, त्याचं काम सोपं असतं.

मोटारीचा गुण, बोटीचा दोष

शर्यतीच्या इंजिनात कॅमशाफ्ट अशी घडवतात की एक्झॉस्ट आणि इनटेक व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे राहावेत. जास्त फेऱ्यांवर त्यामुळे सिलिंडर चांगला भरतो आणि ताकद वाढते. बोटीत मात्र एक्झॉस्टचा तापलेला पाइप बंद जागेत धोकादायक असल्यानं त्यात मुद्दाम पाणी सोडून वायू थंड करतात. इंजिन सावकाश चालत असताना त्या क्षणिक उघड्या व्हॉल्व्हमधून दाबाची लाट उलटी फिरते आणि पाइपातलं पाणी सिलिंडरकडे ओढलं जाऊ शकतं. पाणी दाबलं जात नाही. पुरेसं साचलं तर रॉड वाकतो. एवढं झालं नाही तरी व्हॉल्व्ह गंजतात. म्हणून बोटीसाठी कॅमशाफ्ट बदलावी लागते आणि पहिल्याच फटक्यात त्या प्रसिद्ध इंजिनाची काही अश्वशक्ती सोडून द्यावी लागते.

थंडाव्याचा प्रश्न याहून अवघड. सभोवती पाणीच पाणी, मग अडचण कसली? अडचण मिठाची. समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरवलं तर फार तापल्यावर क्षार आत बसू लागतात, म्हणून अशी इंजिनं ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवतात. मोटारीचं इंजिन ९० अंशांच्या आसपास चालण्यासाठी घडवलेलं असतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर इंधन नीट जळत नाही, ते मिसळून तेल पातळ होतं आणि झीज वाढते. आधुनिक वेगवान मोटारींचे ब्लॉक बहुधा ॲल्युमिनियमचे. वजनाला हलके, पण खाऱ्या पाण्याशी त्यांचं वैर. तिथे हीट एक्सचेंजर लागतोच : आत गोडं पाणी आणि कूलंट, बाहेरून समुद्राचं पाणी, दोघांची भेट फक्त नळ्यांच्या भिंतीतून. शिवाय जस्ताचे तुकडे लावतात, म्हणजे खारं पाणी आधी त्यांना खातं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. मोटारीत ती खालून रस्त्यावर निघून जाते, बोटीत तळाशी साचते. मग स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणून मोटारीचा स्टार्टर, अल्टरनेटर, इंधनपंप तसेच बोटीत वापरायचे नसतात. दिसायला सारखे असले तरी मरीन भाग आतली ठिणगी बाहेर पडू देत नाहीत. अमेरिकेत १९४० च्या एप्रिलनंतर बोटीत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना ज्वालारोधक जाळी सक्तीची आहे. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवून तळातली हवा बाहेर काढावी, असा तिथला सल्ला आहे. जंकयार्डमधून स्वस्तात इंजिन आणणाऱ्यानं पैसे वाचवण्याची जागा ही नव्हे.

निवडलेली इंजिनं काय सांगतात

जगभरच्या बोटबांधणीनं दशकानुदशकं सर्वांत जास्त भरवसा कशावर ठेवला? १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ वर. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, बुटकी बांधणी, कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क, कुठेही मिळणारे भाग. २०११ पर्यंत असे दहा कोटी स्मॉल ब्लॉक तयार झाले होते. त्याच्या ५.७ लिटरच्या रूपानं कितीतरी बोटी चालवल्या.

वेगाची हौस असलेल्यांसाठी इल्मॉर कंपनीनं डॉज व्हायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं व्ही-१० इंजिन पाण्यावर आणलं. वरवर पाहता ही ‘सर्वांत ताकदवान मोटार निवडा’ याच विचाराची निवड वाटते. पण २००३ च्या व्हायपरचे आकडे पाहा : ५,६०० फेऱ्यांवर ५०० अश्वशक्ती आणि ४,२०० फेऱ्यांवरच ७०० न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क. हे इंजिन आरडाओरडा न करता ओढतं. त्याच्या वंशावळीत कारण सापडतं. व्हायपरच्या व्ही-१० चं मूळ डॉजच्या ट्रकसाठीच्या लोखंडी व्ही-१० मध्ये आहे. क्रायस्लरच्या मालकीच्या काळात लाम्बोर्गिनीनं त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियममध्ये उतरवून देण्यास मदत केली. स्पोर्ट्स कारच्या झगमगीत आवरणाखाली ओझं वाहणाऱ्याचं रक्त होतं, आणि पाण्याला तेच हवं होतं.

मग ‘आर्नो-११’ चं काय? ती निवड चुकीची नव्हती. विक्रमासाठी मोजायचं होतं ते एक किलोमीटर, आणि त्या वेगानं ते पार व्हायला जेमतेम पंधरा सेकंद लागतात. बोट जवळजवळ हवेतच होती, पाण्याला ती फक्त टोकांनी आणि पंख्यानं टेकत होती. पंधरा सेकंदांसाठी फेरारी उत्तम. कास्तोल्दींनी प्रश्न नेमका विचारला होता, म्हणून उत्तर नेमकं मिळालं.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न रोज वेगळ्या कामासाठी विचारला जातो. कोकणातल्या बंदरांत ट्रॉलरच्या पोटात डोकावलं, तर अशोक लेलँडची सहा सिलिंडरांची डिझेल इंजिनं दिसतात. जी इंजिनं ट्रक घाटातून वर ओढतात, त्यांचीच ही भावंडं, हीट एक्सचेंजर आणि मरीन गिअरबॉक्स लावून समुद्रावर आलेली. तिथल्या तांडेलाला वेगाच्या विक्रमाशी कर्तव्य नसतं. जाळं ओढताना इंजिन दबू नये, आणि चार दिवसांनी तेच इंजिन बोट घरी आणेल याची खात्री त्याला हवी असते. वेगाच्या हौसेनं मोटारीचं इंजिन निवडायला निघालेल्यानं आधी त्या इंजिनखोलीत तासभर बसावं. तिथला एकसुरी, न थकणारा आवाज ऐकला की माहितीपत्रकातला कोणता आकडा आधी वाचायचा, ते कळतं.