लांबीखालची पद्मिनी

लोहचुंबकाला सुती फडका गुंडाळायचा आणि गाडीच्या पत्र्यावरून हलक्या हाताने फिरवायचा. बॉनेटवर तो घट्ट बसतो, छतावर बसतो, मडगार्डच्या वरच्या अंगालाही बसतो. चाकाच्या कमानीपाशी उतरला, की एकाएकी सुटून हातात येतो. तिथे पत्रा नाही, खळगे भरायची लांबी आहे. वडिलांच्या पद्मिनीवर मी हे करून पाहिले, तेव्हा डाव्या बाजूला दारांखालच्या सबंध पट्टीवर चुंबक एकदाही धरला नाही. वरचा रंग मात्र आरशासारखा होता. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने ते काम ‘पक्के’ म्हणून करून दिले होते.

ती पट्टी शोभेची असती, तर एवढी काळजी वाटली नसती. पद्मिनीचा वंश १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११००/१०३ पर्यंत जातो. आपल्याकडे त्या गाडीच्या पुढे आलेल्या तोंडामुळे लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिला वेगळी चासी नव्हती. पत्रा वाकवून, एकमेकाला जोडून केलेले कवच हाच तिचा सांगाडा. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे याच घराण्यातली गाडी बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. दारांखालची पोकळ पेटी तिच्यात तुळईचे काम करते. ती सडली, की दारे नीट लागत नाहीत आणि जॅक लावल्यावर गाडी उचलण्याऐवजी जॅकच आत घुसतो. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून नाहीशा झाल्या. आता ज्या उरल्या, त्या कुणाच्या तरी अंगणातल्या. म्हणून त्यांचा पत्रा जपायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आमची गाडी मोरव्यात उभी असते. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाताना राई, मुर्धा, मोरवा ही गावे लागतात. खाडी जवळ, मिठागरे जवळ, पश्चिमेला समुद्र. वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि सगळ्यावर बसतात. हे मीठ स्वयंपाकघरातल्या शुद्ध मिठासारखे नसते. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली, की पाणी ओढून पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते अवघ्या ३३ टक्के आर्द्रतेलाही ओले होते. मिठागरात मीठ धरल्यावर खाली जे कडवट पाणी उरते, त्यात हेच मॅग्नेशियम असते. आपल्या किनाऱ्यावर इतकी कोरडी हवा फारशी कधी नसते. हात लावला तर कोरडा लागणारा पत्रा मिठाच्या कणाखाली भर उन्हाळ्यातही ओला असू शकतो.

पावसाळ्यात गाडी गंजते, असे आपण सरसकट म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. उघड्या पत्र्यावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. गंज जोर धरतो तो जिथे पाऊस धुवायला पोहोचत नाही, पण खारी ओल मात्र पोहोचते तिथे: मडगार्डच्या आतली घडी, दाराचा तळ, रबराखालची फट. आणि लांबीची कड.

या शेवटच्या जागेचे गूढ केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांच्या एका थेंबात उलगडते. १९२० च्या दशकात त्यांनी स्वच्छ लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन रंगसूचक घातले होते: लोखंड विरघळले तर निळा होणारा आणि अल्कली तयार झाली तर गुलाबी होणारा. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली, मध्य निळा झाला आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे उमटले. कडेला थेंब पातळ असतो, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्यभागी तो पोहोचता पोहोचता संपतो. आपल्याला वाटेल, की ऑक्सिजन जिथे जास्त तिथेच लोखंड खाल्ले जाईल. घडते उलटे. कडेचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मागतो आणि ते पुरवतो मधला, ऑक्सिजनला मुकलेला भाग. इलेक्ट्रॉन देणारे लोखंड विरघळते. थोडक्यात, तो थेंब म्हणजे एक चिमुकली बॅटरी.

लांबीची उचललेली कड हा असाच थेंब आहे. बाहेरच्या तोंडाशी हवा, आत कोंडलेली खारी ओल. खड्डा आत पडतो, डाग बाहेर दिसतो. क्लोराइडचे आयन त्या आतल्या भागाकडे ओढले जातात, तिथले पाणी आम्लधर्मी होते आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. रंगाखाली फोड येतात ते त्यामुळे. फोड दिसला, तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

लांबीला मात्र मी दोष देणार नाही. पूर्वी पत्र्याचे खळगे शिसे आणि कथलाचा मिश्रधातू वितळवून भरत. १९५५ च्या सुमाराला अमेरिकेत मायामीच्या रॉबर्ट स्पिंक यांनी पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवून लगदा केला. त्यात चिमूटभर हार्डनर मिसळला, की काही मिनिटांत तो घट्ट होतो. पोचा पडलेल्या, पण निरोगी पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरचा पातळ हात देण्यासाठी ही वस्तू उत्तम आहे. पण ती ताण पेलत नाही, उन्हात पोलादापेक्षा कितीतरी जास्त फुगते आणि पाणी शोषते. आपल्याकडे लांबीवर सर्रास पाणी-पेपर मारतात. धूळ उडत नाही, हे खरे. मात्र तेच पाणी लांबीत मुरते आणि घाईने रंग चढवला, तर कायमचे आत कोंडले जाते. लांबी कोरडीच घासावी, आणि ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला चांगला मास्क हवा.

आमच्या पट्टीवरची लांबी छिन्नीने काढली, तेव्हा काही ठिकाणी बोटभर जाडीचा थर निघाला. त्याखाली वर्तमानपत्राचा बोळा होता. पत्र्याच्या जागी तपकिरी पापुद्रे.

इथे एक मोह होतो: गंज बदलणारे रसायन फासून मोकळे व्हायचे. अशा द्रवांत बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असते. टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळे संयुग करते. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपल्याकडे शाई करत, तिचा काळेपणा याच संयुगाचा. पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर हा उपाय चालतो. जाड पापुद्र्यांच्या तळापर्यंत मात्र तो झिरपत नाही. वर काळे, खाली बॅटरी चालूच. सडका पत्रा कापावाच लागतो, आणि चकचकीत धातू लागेपर्यंत कापावा लागतो. पेन्सिलीने आखलेली रेघ दर वेळी आणखी पुढे सरकते, तेव्हा जीव खालीवर होतो.

पुढचे काम संयमाचे. तुळईचे काम करणारा भाग कापण्याआधी गाडीला खालून नीट आधार द्यावा, नाहीतर कवच वाकते. त्याच जाडीचा नवा पत्रा घडवून बसवताना सलग वेल्डिंग करू नये. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये निवू द्यायचे. उष्णतेने पातळ पत्रा फुगतो, निवताना आक्रसतो आणि पीळ खातो. वेल्डिंगने आतल्या बाजूचे संरक्षणही जळते, आणि ही बाजू कुणाला दिसत नाही म्हणून तशीच सोडली जाते. जोडाच्या जागी आधी जस्तयुक्त प्रायमर लावला, तर जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवते. मग दोन्ही अंगांना एपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती लांबी, पुन्हा प्रायमर, रंग. आमच्या गॅरेजांतल्या लाडक्या रेड ऑक्साइडचा तांबडा रंगसुद्धा लोहाच्या ऑक्साइडचाच, गेरूसारखा. हे लोखंड आधीच पूर्ण गंजून शांत झालेले असते, आणखी गंजत नाही. मात्र साधा प्रायमर सच्छिद्र असतो. त्यावर रंग न चढवता गाडी पावसात उभी केली, तर केलेले सगळे पाण्यात जाते.

सगळ्यात शेवटी पोकळ पेटीच्या आत नळीने मेण फवारले. मेण पत्र्याच्या घड्यांत शिरते आणि खाऱ्या ओलीला जागा ठेवत नाही. पण त्याआधी एक गोष्ट तपासायची होती. या पेटीच्या तळाला कारखान्यानेच पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. आमच्या गाडीची दोन्ही भोके जुन्या दुरुस्तीत लांबीने बुजली होती. आत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे तिथेच राहिले.

आता दर मे महिन्यात मी त्या भोकांतून तार फिरवतो. प्लास्टिकचे आच्छादन घालत नाही. त्याखाली वाफ धरते. वर छप्पर आहे, बाजूंनी वारा खेळतो. जूनमध्ये झोडपणारा पाऊस आला, की वाकून पाहतो. डाव्या पट्टीखालून थेंब थेंब पाणी गळत असते, स्वच्छ, तांबूसपणा नसलेले.