वाडीची स्वतःची एकच कमिटी

पळसदरी सोडून गाडी बोरघाट चढायला लागली की जांब्रुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशा पाट्या एकेक करून मागे पडतात. ही तिकीट काढून उतरायची ठिकाणं नव्हेत. त्यामुळे लाखो प्रवाशांनी ठाकुरवाडी हे नाव वाचलेलं असतं आणि ठाकुरांची वाडी बघितलेली नसते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाड्या अनेक. माथेरानच्या उतारांवर, सह्याद्रीच्या कुशीत, कुठल्याशा गडाच्या पायथ्याशी पंधरा-वीस ते पन्नास घरं, भाताची खाचरं, वर वरी-नाचणीचं वरकस. गावाचं नाव लावून एकीला दुसरीपासून वेगळं ओळखायचं.

गावाचं नाव लावायचं याचं कारण कारभारातही आहे. वाडीची ग्रामपंचायत खालच्या गावात असते आणि वाडी तिचा एखादा वॉर्ड, कधी अर्धाच. ठाणे-पालघरमधल्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यानं पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे कर्जतचा ठाकूर अनुसूचित जमातीचा, पण त्याची जमीन अनुसूचित क्षेत्राबाहेरची. जिथे वनहक्क समिती झाली असेल ती सोडली, तर वाडीच्या नावानं, वाडीच्याच माणसांची, कायद्यानं बनलेली संस्था एकच उरते : जिल्हा परिषदेच्या शाळेची व्यवस्थापन समिती. लोक तिला ‘शाळा कमिटी’ म्हणतात. मला ती शिक्षणाइतकीच राजकारणाच्या दृष्टीनं महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे तसं कुणी बघत नाही याचं नवलही वाटतं.

समितीचा जन्म शिक्षण हक्क कायद्यातला. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमानुसार शाळेच्या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. महाराष्ट्रानं १७ जून २०१० च्या शासन निर्णयानं सभासदांची संख्या १२ ते १६ ठरवली. पालक सभासद पालकसभेतून निवडायचे, अध्यक्ष पालकांमधलाच हवा, मुख्याध्यापक सदस्य सचिव, सभा महिन्यातून एकदा. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात ग्रामपंचायतीचा सदस्य, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेला स्थानिक माणूस. मानधन कुणालाच नाही.

आता हा हिशेब वाडीवर मांडून बघा. बारा सभासद म्हणजे नऊ पालक. पट अठराचा असेल आणि एकेका घरातली दोन-दोन मुलं शाळेत असतील, तर पालकांची घरंच नऊ-दहा. शहरातल्या मोठ्या शाळेत समिती म्हणजे शेकडो पालकांचे मूठभर प्रतिनिधी. इथे प्रत्येक घरातून एक माणूस समितीवर येतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असं काही नसणार, पण ठाकुरवाडीत तो प्रातिनिधिक कारभार उरतच नाही, थेट होतो. याचा तोटाही आहे. नऊ जणांत चौघं भाऊबंद, दोन साडू. अध्यक्षाशी कोण भांडणार?

या समितीकडे कामं तीन. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा बनवणं आणि आलेला पैसा नीट खर्च होतो का ते बघणं. पैसा किती? समग्र शिक्षा अभियानातून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपयांचं संयुक्त अनुदान ठरलं आहे. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. खडू, रजिस्टरं, विजेचं बिल, मोडलेली कडी, पावसाळ्याआधीची कौलं, सगळं उरलेल्या नऊ हजारांत. महिन्याला साडेसातशे. माथेरानला एका शनिवारी येणारं चौकोनी कुटुंब एवढं चहा-भज्यांवर उडवतं. इतक्या लहान रकमेवर देखरेख ठेवायला डझनभर माणसं कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण पैसा कमी असला की कौलं आधी की संडासाचं दार, हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला वाडीतलीच माणसं लागतात.

गणवेशाची गोष्ट याहून बोलकी आहे. दोन गणवेशांना मिळून मुलामागे ६०० रुपये समितीकडे येत. समितीतल्या बाया कर्जत, नेरळ किंवा खोपोलीच्या बाजारात जाऊन घासाघीस करत, मापं त्यांना तोंडपाठ असत, आणि वाढत्या अंगाचं पोर बघून बोटभर कापड आत दुमडून घेत. २०२४-२५ साली सरकारनं ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणत हे काम वर ओढून घेतलं. कापड एका ठिकाणी खरेदी करायचं, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचं आणि शाळांना वाटायचं. कागदावर योजना नीटस होती. प्रत्यक्षात शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि अनेक ठिकाणी गणवेश काही महिन्यांनी पोचले; कुठे मापं चुकली, कुठे शिलाई उसवली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा समित्यांकडे दिलं. मंत्रालय एका वर्षात जे शिकलं, ते दुकानाच्या फळीवर कापड चुरगाळून बघणारी बाई आधीच सांगू शकली असती. तिला विचारण्याची तरतूद कायद्यात होती. विचारलं मात्र कुणी नाही.

आहाराचं उलट झालं. तिथे अधिकार खाली येण्याऐवजी बोजा खाली आला. शाळेत शिजणाऱ्या जेवणाची चव बघायची, धान्याची पोती मोजून घ्यायची, स्वयंपाकी बाईची नेमणूक करायची, ही कामं समितीची पूर्वीपासूनची. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. स्वयंपाकी बाईचं मानधन २०२३ मध्ये वाढून महिन्याला २,५०० झालं, त्यात लाकूडफाट्याच्या आणि पाण्याच्या खेपाही बऱ्याचदा तिच्याच. त्याच वर्षी आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं अंड्याचा आणि नाचणी सत्त्वातल्या साखरेचा जादा पैसा बंद केला आणि हवं असेल तर समित्यांनी लोकसहभागातून उभा करावा, असं सांगितलं. लोकसहभाग म्हणजे कुणाचा? ज्या घरातलं पोर अंडं खाणार, त्याच घराचा. नाचणी तर ठाकूर स्वतः पिकवतो. सत्त्व त्यानंच द्यायचं, साखरही त्यानंच आणायची.

सभेचा प्रश्न वेळेचा आहे. शाळेची वेळ साडेदहा ते पाच, आणि वाडीतली माणसं तेव्हा शेतावर, फार्महाऊसच्या बागेत किंवा भाजीची पाटी घेऊन बाजारात. एक सभा म्हणजे एक रोज बुडाला. म्हणून मुख्याध्यापक घरोघरी वही फिरवून सह्या घेतो, कुठे अंगठा, आणि प्रोसिडिंग रात्री एकटा लिहून काढतो. याला नावं ठेवणं सोपं आहे. दोन शिक्षकी शाळेत एक जण मुख्याध्यापकाचा भार वाहत चार वर्ग आणि ऑनलाइन माहित्या सांभाळतो, हेही ध्यानात घ्यावं. जे शिक्षक सभा संध्याकाळी, भात झोडून झाल्यावर, अंगणात घेतात, तिथे बाया बोलतात. शाळेच्या खोलीत, मुलांच्या बाकावर बसवलं की त्याच बाया गप्प होतात आणि नवरे बोलतात. बोलण्याची भाषाही बदलते. अंगणात ठाकरी चालते, खोलीत प्रत्येकाला पुस्तकी मराठी जुळवावी लागते.

शाळेसाठी लोकांनी स्वतः उभं राहण्याची या मुलखाला सवय जुनी आहे. माथेरानचे विठ्ठलराव उर्फ भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी आणि खेड्यापाड्यांत स्वयंसेवकांच्या जिवावर शाळा हा त्यांचा उद्योग होता, हे भाषणांत फारसं येत नाही.

शाळेची इमारत हा समितीचा आणखी एक विषय. अनेक वाड्यांवर ती एकच पक्की वास्तू असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली, ती ठाकुरांचीच वाडी. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्या रात्री शाळेत थांबलेले काही तरुण वाचले आणि त्यांनी हाका मारून इतरांना बाहेर काढलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. शाळा विकास आराखड्याच्या छापील नमुन्यात वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, कुंपण असे रकाने असतात. डोंगराला भेग पडली आहे का, असाही एक रकाना या दोन तालुक्यांपुरता तरी घालावा, असं मला वाटतं. ती भेग पहिल्यांदा गुराख्याला दिसते, आणि गुराखी समितीवर असतो.

सगळ्यात मोठी टांगती तलवार पटाची. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यानं दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं ठरवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा राज्यात १५,००० च्या घरात होत्या. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं कायदा म्हणतो. पण किलोमीटर नकाशावर मोजतात आणि आषाढात मधला ओढा नकाशावर नसतो. ‘आमची मुलं पावसाळ्यात पलीकडे जाऊ शकत नाहीत’ असा समितीचा ठराव असला, तर तो शासनावर बंधनकारक ठरत नाही, पण फाइलला लागतो. ठराव नसेल, तर वाडीचं काहीच म्हणणं नव्हतं असं धरलं जातं.

आणि चौथीनंतर? पाथरज, चाफेवाडी, डोलवलीसारख्या आश्रमशाळा, पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या हाताखालच्या. मूल तिथे राहायला गेलं की आईबाप पालक राहतात, पण शाळा तीस किलोमीटरवर असेल तर समितीचे सभासद होणं कठीण. वाडीतही समिती दोन वर्षांनी नव्यानं बनवायची असते. जी बाई ठराव कसा मांडायचा, पावती का मागायची, केंद्रप्रमुखाला खुर्चीत बसून प्रश्न कसा विचारायचा हे शिकते, तिचं धाकटं पोर चौथी पास होतं आणि तिचं सभासदत्व जातं. ती अध्यक्ष असेल, तर मुख्याध्यापकाला नव्या अध्यक्षाचं आधार कार्ड, फोटो आणि ठरावाची प्रत घेऊन बँकेत जायचं असतं, खात्यावरची सही बदलायला.