नालासोपाऱ्यात परदेशी मित्रासाठी भाड्याचं घर शोधताना

आजचा विषय माझ्या नायजेरियन मित्रामुळे सुचला. त्याला नालासोपाऱ्यात एक वन-बीएचके आवडला. मालक म्हणाला, "ॲग्रीमेंट कशाला? कॅश द्या, चावी घ्या." मी म्हटलं, थांब!

का? तीन गोष्टी.

एक, लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर्ड हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. रजिस्ट्रेशनची जबाबदारी मालकाची.

दोन, भाडेकरू परदेशी असेल तर मालकाने २४ तासांत एफआरआरओला ऑनलाइन कळवायचं असतं. टाळाटाळ केली तर पोलिसांच्या चौकशीत भाडेकरूही अडकतो.

तीन, बिल्डिंग अधिकृत आहे का? आपल्याच नालासोपारा पूर्वेला, अग्रवाल नगरीत, २०२४-२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. राहती कुटुंबं रस्त्यावर आली. म्हणून ओसी मागा, पण नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका; महापालिकेत खात्री करून घ्या.

मित्राने तो फ्लॅट सोडला. मग पाच मालकांनी "फॉरेनर? नको" म्हणून फोन ठेवला. सहाव्या मावशी तयार झाल्या. भाडं हजारने जास्त आहे, पण करारावर त्याचं नाव आहे. आता तो रात्री निवांत झोपतो.