ओल नेमकी येते कुठून?

दसरा-दिवाळी जवळ आली, की रंगाऱ्यांना फुरसत नसते. पावसाळ्यात भिंतींवर उमटलेले ओलीचे डाग, पोपडे आणि पांढरट लोणा सणापूर्वी झाकून टाकण्याची घाई घरोघरी असते. पुट्टी भरली, वर दोन हात रंग दिला, की भिंत नवी दिसू लागते. प्रस्तुत लेखकाने ही चूक एकदा नव्हे, दोनदा केली आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या शयनगृहाच्या भिंतीवर ओलरोधक रंग चढविला. होळीपर्यंत त्यालाही फुगे आले. खर्च वाया गेल्याचे दुःख थोडे. पण एके सकाळी त्याच भिंतीवरील दिव्याचे बटण दाबताना आईच्या हाताला झिणझिण्या आल्या, तेव्हा मात्र आम्ही खडबडून जागे झालो.

रंगापूर्वी पाण्याचा उगम शोधला पाहिजे, आणि हे काम कारागिरापेक्षा घरातील माणूसच अधिक चांगले करू शकतो. कारागीर अर्धा तास येऊन जातो. भिंत आपल्या डोळ्यांसमोर बारा महिने असते. एक पेन्सिल आणि एक वही एवढ्यावर आरंभ करता येतो. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेषा ओढावी, शेजारी तारीख घालावी आणि दर आठवड्याला पाहावे. बँकेच्या खातेपुस्तकाप्रमाणे या नोंदी हळूहळू बोलू लागतात.

पावसाबरोबर वाढून हिवाळ्यात सुकणारी ओल बहुधा गच्चीतून, बाहेरील भिंतीच्या भेगांतून अथवा खिडकीच्या कडेने येते. आपण चार दिवस गावाला गेल्यावर जी ओसरते, तिचे मूळ सांडपाण्याच्या मार्गात किंवा फरश्यांच्या सांध्यांत शोधावे. भर उन्हाळ्यातही आणि घर बंद असतानाही जी हटत नाही, तिथे भिंतीतील नळाच्या पाइपाचा संशय घ्यावा. कारण त्यात पाण्याचा दाब सतत असतो. तळमजल्यावर जोत्यापासून साधारण मीटरभर उंच चढणारी ओल जमिनीतून येते. शंका उरल्यास डागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे; केवळ बाहेरच्या बाजूस जमले तर तो हवेतील दमटपणा, आणि त्याला खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय.

न्हाणीघराची परीक्षाही घरीच होते. जाळीखालील तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फडके घट्ट बसवावे, उंबऱ्याच्या आत दोन इंच पाणी साठवावे, पातळीची खूण करावी आणि चोवीस तास दार लावून घ्यावे. (खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, नंतर दिलेली कल्पना फारशी उपयोगी पडत नाही.) पातळी स्पष्टपणे उतरली, तर दोष फरशीत अथवा जाळीभोवतीच्या सांध्यात आहे.

आमच्याकडे पातळी जागची हलली नाही, आणि डाग तर मे महिन्यातही तसाच होता. तेव्हा न्हाणीघराचा व्हॉल्व्ह आठ दिवस बंद ठेवून बादलीने पाणी नेले. डाग पेन्सिलीच्या रेषेपासून बोटभर मागे सरला! प्लंबरने फूटभर भिंत फोडली. आत जुन्या जी.आय. पाइपाचा एल्बो गंजून चाळणी झाला होता. संपूर्ण न्हाणीघर फोडून नवे करण्याचे एक अंदाजपत्रक त्याआधीच आमच्या हाती पडले होते, हे सांगितले पाहिजे.

फरश्यांचे सुटलेले सांधे खरवडून ग्राउट भरणे, बेसिनच्या कडेला सिलिकॉन लावणे, पावसाळ्यापूर्वी गच्चीवरील पाइपांची तोंडे साफ करणे ही कामे कोणालाही जमतील. ओल्या भिंतीतील विजेच्या बटणांना मात्र हात लावू नये. मेन स्विच बंद करून जाणकार वीजतंत्रज्ञास बोलवावे. घरात ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. नसल्यास ती बसवून घ्यावी आणि तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. छताचा गिलावा पडून सळया दिसू लागल्या असतील, तर वरून सिमेंट थापण्यात धोका आहे. गंजलेले लोखंड फुगते आणि आतून काँक्रीट फोडत राहते. तेथे स्थापत्य अभियंत्याचाच सल्ला हवा.

खर्च कोणाचा, हा वाद ठरलेलाच! महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते, तर सदनिकेतील शौचालय, सिंक आदींमुळे होणाऱ्या गळतीची त्या सभासदाने. काम मोठे असल्यास गृहदुरुस्तीसाठी बँकेचे कर्जही मिळू शकते.

दुरुस्तीनंतर रंगाची घाई मात्र नको. आमचा पाइप मे अखेरीस बदलला, वीजतंत्रज्ञाने त्या भिंतीतील ताराही नव्या घातल्या. पण पावसाळ्याच्या दमट हवेत भिंत सुकेना. ऑक्टोबरमध्ये पुन्हा प्लॅस्टिक लावले, तर आत चार थेंब होतेच. त्या दिवाळीत भिंत तशीच पोपडे खरवडलेली राहिली. पाहुण्यांनी विचारले, तेव्हा आईनेच त्यांना पेन्सिलीच्या रेषा आणि तारखा एकेक करून दाखविल्या.