दमा, धूर आणि पाचट



गळीत हंगाम आणि धाप लागण्याचे दिवस बहुधा जोडीनेच येतात. गेल्या हंगामात आम्ही आपल्या एका जुन्या सभासदांना भेटायला पुण्यास वारज्याला गेलो होतो. तोडणीनंतर पाचट पेटवले आणि रात्रभर त्यांचा श्वास घरघरला, म्हणून मुलाने तिकडे नेलेले. वारजे १९९७ साली पुणे महानगरपालिकेत गेले; शेजारून मुंबई-बंगळूरु महामार्ग, म्हणजे धुरापासून तिथेही सुटका नाही. वैद्यांनी औषध लिहिण्याआधी विचारले, "धूर कशाचा लागतो?" हा प्रश्न का विचारला, ते समजून घेऊ.

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या १७ व्या अध्यायात श्वासाचे ५ प्रकार दिले आहेत. आपला दमा बहुतेक त्यातल्या तमक श्वासात बसतो. आडवे पडले की वाढतो, बसले की बरे वाटते, गरम हवेसे वाटते, ढगाळ व गार हवेत जोर करतो. कारणांत धूळ, धूर, वारा आणि गार पाणी स्पष्ट सांगितले आहे. म्हणून पहिला उपचार निदान-परिवर्जन, म्हणजे कारण टाळणे.

पुढचे उपचार वैद्यांच्या सल्ल्याने असे:

१) छातीला सैंधव घातलेले कोमट तिळतेल चोळून शेक. घट्ट कफ सैल व्हावा हा हेतू.

२) अडुळसा. पाने वाफवून मग रस पिळतात, मधातून देतात. गरोदर बाईने घेऊ नये.

३) सितोपलादि चूर्ण. याच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते! साखर आपलीच असली तरी मधुमेह असणाऱ्यांनी जपावे.

४) कोमट पाणी, रात्री हलके व लवकर जेवण.

डॉक्टरांनी दिलेला फवारा मनाने बंद करू नये. बाजारातली बिननावाची पुडी घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. धापेमुळे एक वाक्य पुरे बोलता येईना, ओठ निळे पडले, तर काढा उकळत बसू नका. १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

आता आपल्या हातातले. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. ते जाळले तर धूर आपल्याच घरात शिरतो आणि जमिनीचे खत जाते. पाचट सरीत दाबावे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. खोडव्याला ओल टिकते, तणही कमी येते.

आमचे ते सभासद आता पाचट कुजवतात. औषध त्यांचे चालूच आहे, पण काडी त्यांनी खिशातून काढली. आपणही काढावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी