सगा आणि सोयरा

'सगेसोयरे' हा जोडशब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याचे दोन घटक भिन्नार्थी आहेत याचे भान बोलणाऱ्यास क्वचितच राहते. 'लग्नास सगेसोयरे जमले' या वाक्यात सारे नातलग एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. तथापि घटक सुटे करून पाहिले असता भेद स्पष्ट होतो.

'सगा' हा शब्द संस्कृत 'स्वक', प्राकृत 'सग' यांच्याशी निगडित असून 'स्वतःचा' हा त्याचा मूळ अर्थ होय. हे नाते रक्ताचे. ते जन्मतःच प्राप्त होते. आज एकट्या 'सगा' शब्दाची जागा बहुतांशी 'सख्खा' या शब्दाने घेतली आहे. याउलट 'सोयरा' म्हणजे विवाहसंबंधाने जोडला गेलेला. म्हणूनच सोयरीक जुळते, जमते आणि मोडतेही. सगेपणास ही क्रियापदे लागत नाहीत. चुलता सगा, तर व्याही व जावई सोयरे. ('सोयरसुतक' या शब्दातील 'सोयर' मात्र निराळा, तो जननाशौचाचा वाचक आहे.)

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा भेद व्यक्तीचा नसून पाहणाऱ्याच्या स्थानाचा आहे. पत्नीचा भाऊ हा पतीचा मेहुणा, म्हणजे सोयरा; त्यांच्या मुलाचा मात्र तो सख्खा मामा. एका पिढीची सोयरीक पुढील पिढीत रक्ताचे नाते होते.

हा विचार केवळ कोशकारांपुरता उरलेला नाही. २६ जानेवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने जातप्रमाणपत्रविषयक नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या देऊन अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा व त्यांपूर्वीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून निर्माण झालेल्या नातेवाइकांचा तीत अंतर्भाव केला होता. जातीचा पुरावा सामान्यतः पितृकुळातून, म्हणजे सग्यांतून, पाहिला जातो. या व्याख्येत भार 'सोयरे' या घटकावर आला. त्यामुळे प्रमाणपत्रावर कोणाचा हक्क पोहोचतो, हा वादाचा विषय झाला.

बोलीत द्वंद्व समासाचे घटक एकमेकांत विरून गेले तरी अर्थ अडत नाही. कायद्यात मात्र प्रत्येक घटकाला स्वतंत्र मोल येते. म्हणून असा शब्द नियमात योजताना नाते कोणाच्या बाजूने व कोणत्या पिढीपासून मोजावयाचे, हे आधी सांगणे अवश्य ठरते.