धक्क्याचा हिशेब: जबलपूरच्या तोफगाड्यांची ११५ वर्षे

जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची. २०१९च्या एप्रिलमध्ये तिथल्याच पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा लष्कराच्या हवाली झाल्या. मधल्या काळाची कहाणी बहुधा नळीची लांबी आणि पल्ल्याचे किलोमीटर यांतच सांगितली जाते. माझ्या मते खरी प्रगती झाली ती मागे येणारा धक्का जिरवण्यात. गोळा पुढे सुटला की नळीला तितकाच संवेग मागे मिळतो. १८१७पर्यंत जबलपूर ज्यांच्याकडे होते त्या नागपूरकर भोसल्यांच्या काळात नळी गाड्याला पक्की जखडलेली असे. अख्खा गाडा मागे सरके आणि गोलंदाज तो पुन्हा जागेवर ढकलून नव्याने नेम धरत. १८९७च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेने हे बदलले. तिची नळी गाड्यावरच मागे सरके, अरुंद वाटेने दाबले जाणारे तेल तिचा वेग मारी आणि दाबलेली हवा तिला परत जागेवर आणी. मिनिटाला १५ गोळे शक्य झाले ते यामुळे. जबलपूरचा कारखाना उभा राहिला तो या बदलानंतर सातच वर्षांनी.

दणकट स्प्रिंगने भागले नसते का, असे कुणी विचारील. नसते. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि जवळजवळ तेवढीच परत करते. नळी मागे आली त्याच जोराने पुढे आदळली असती. डॅम्पर, म्हणजे तोफेतले तेल, त्या ऊर्जेची उष्णता करून टाकतो, पण नळीला परत आणणे त्याच्या हाती नाही. दाराच्या डोअर क्लोजरमध्ये हीच जोडी असते, म्हणून दार आपोआप मिटते आणि आपटत नाही. तोफेत कसब आणखी सूक्ष्म आहे: नळी सरकत जाते तशी तेलाची वाट अरुंद होत जाते, म्हणून वेग घटला तरी रोध जवळपास सारखा राहतो. सरकण्याचे अंतर दुप्पट केले तर गाड्यावरचा सरासरी जोर निम्मा होतो.

पल्ला तर नळीनेच वाढतो, हा दुसरा आक्षेप. ते खरे आहे. १९८६च्या करारातील बोफोर्स तोफेची नळी ३९ कॅलिबरची, म्हणजे आतल्या व्यासाच्या ३९ पट लांब; त्या तोफेच्या आराखड्यांवर उभ्या राहिलेल्या धनुषची ४५ची. पण गोळा जास्त वेगाने सुटला की मागचा धक्काही वाढतो. तोंडावरचा मझल ब्रेक त्यातला काही भाग कमी करतो, उरलेला तेल आणि वायू यांनाच पेलावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर लांब नळी गाडाच मोडेल. जबलपुरात १९४७पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या कंपनशास्त्राच्या वर्गात पहिले उदाहरण शहरातल्याच या तोफगाड्याचे घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.